बारा चाळीसचं पाणी

पोलिसांनी लोर्नाच्या वस्तू सात आठवड्यांनी परत दिल्या. पारदर्शक पिशवीत हातमोजे, चाकू, शिट्टी आणि तिची पांढरी प्लास्टिकची पाटी होती. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पाणबुडे अशी पाटी मनगटाला बांधतात. तिच्या नवऱ्याने, रोलंड स्टिकलंडने, सगळं ओट्यावर मांडलं आणि एकेक वस्तू नळाखाली धरली. पाटी हातात आली तेव्हा त्याने नळ बंद केला.

पाटीवर पेन्सिलीने, लोर्नाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: पाणी थांबणार १२.४०. उतरायचं १२.२५. वर यायचं १.००.

त्याने पाटी खिडकीकडे तिरपी धरली. त्या आकड्यांखाली आणखी आकडे होते. पुसलेले, पण प्लास्टिकवर उमटून राहिलेले. ११.४०. ११.२५. १२.००.

अक्षर नीटस होतं. हेलकावणाऱ्या रबरी बोटीत, जाड हातमोजे घालून असं लिहिता येत नाही. लोर्ना आदल्या रात्री याच टेबलाशी बसून पाटी लिहायची, हे त्याने वीस वर्षं पाहिलं होतं. फक्त अपघाताच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, तो घरी नव्हता. भावाचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तो येव्हिलला गेला होता.

गुरुवारी डॉर्चेस्टरला, अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरपुढे सुनावणी होती. कोरोनरच्या कार्यालयातल्या मिसेस पार्डींनी कागदांच्या प्रती आधीच पाठवल्या होत्या. त्या वाचल्यापासून रोलंडला धड झोप नव्हती. लोर्ना उशिरा आली, वेळ टळल्यावरही हट्टाने उतरली आणि गेली, असा त्या कागदांचा अर्थ होत होता. आणि तिच्या नावापुढे तेच कायमचं लिहिलं जाणार होतं.

त्याने फाइल पुन्हा उघडली. पहिल्या पानावर कोस्टगार्डची त्या शनिवारची नोंद होती. ८.१०, क्लाइव्ह हॅडो यांचा फोन, तीन माणसं, सेंट अल्बन्स हेडजवळ, परत २.३०. मग १.२०, मदतीची हाक. पुढे दोन दिवसांचा शोध. ती पानं त्याने पहिल्या वेळेसारखीच भराभर उलटली.

त्याच्यामागे होता लोर्नाने त्याआधीच्या बुधवारी स्वतःच्या हाताने लिहिलेला सहलीचा आराखडा. पाणी थांबण्याची वेळ ११.४०. तिथल्या बुडालेल्या जहाजावर उतरायचं तर भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं तेवढ्यातच. उधाणाच्या दिवसांत तो वेळ जेमतेम वीस मिनिटं. अकरा चाळीस ही वेळ बरोबरच होती, असं कोस्टगार्डनेही लिहून दिलं होतं.

म्हणजे बुधवारी बरोबर आणि शुक्रवारी रात्री चूक. मध्ये काय झालं?

*

रविवारी पाणबुड्यांच्या क्लबच्या शेडमध्ये सिलिंडर भरायचं काम चालू होतं. क्लाइव्ह हॅडो आतल्या खोलीत नकाशा पसरून जुलैच्या सहलीची आखणी करत होता. तो क्लबचा डायव्हिंग ऑफिसर. सहल कोणीही आखली तरी तिच्यावर शेवटची नजर त्याची. लोर्नाला पाण्यात उतरायला त्यानेच शिकवलं होतं.

"बस, रोलंड. चहा टाकतो."

"नको. मला फक्त त्या सकाळच्या वेळा हव्यात."

क्लाइव्हने नकाशा गुंडाळला. "सगळं सांगून झालंय रे पोलिसांना."

"मला नाही सांगितलंस."

तो स्वॉनेजच्या धक्क्यावर पावणेदहाला पोचला होता, असं त्याने सांगितलं. बोट पाण्यात टाकून तो वाट बघत बसला. लोर्ना आली पावणेअकराला. जागेवर पोचेपर्यंत बारा वाजून गेले.

"मग उतरू का दिलंस?"

"मी म्हटलं, राहू दे आज. ती म्हणाली, अजून थोडं निवांत पाणी मिळेल. त्या दिवशीच्या सहलीची मॅनेजर ती होती. मी काय तिचे हात बांधणार?"

"लोर्ना कधी उशिरा येत नसे."

क्लाइव्हने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस गेलं की ते कधी चुकलंच नव्हतं असं वाटायला लागतं. गेल्या वर्षी काय झालं होतं, आठवतं ना? आमची घड्याळबाई."

रोलंडला आठवत होतं. भरतीच्या पुस्तिकेत हिवाळी वेळ छापलेली असते. मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की तिच्यात एक तास मिळवायचा. गेल्या एप्रिलमध्ये लोर्ना तो मिळवायला विसरली. सगळा क्लब एक तास आधी पोचला आणि लाटांवर ओकत बसला. तेव्हापासून ती घड्याळबाई.

रोलंडने पाटीचा विषय काढला नाही.

*

टेसा मन ही वेअरहॅमजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला होती. त्या दिवशी पाण्याखाली लोर्नाची जोडीदार तीच होती. समुद्रातली तिची ती सहावीच खेप. रोलंडला पाहून तिने हातातली कुंडी खाली ठेवली.

"धक्क्यावर तू कधी पोचलीस?" त्याने विचारलं.

"अकराच्या थोडं आधी. मीच शेवटची. ते दोघं आधीच आलेले."

"तुला किती वाजता बोलावलं होतं?"

तिने आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "मिस्टर स्टिकलंड, हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही. आधी दहाचं ठरलं होतं. शुक्रवारी रात्री नऊला लोर्नाचा फोन आला. म्हणाली, सगळं एक तास पुढे, अकराला ये."

"तिचाच फोन?"

"हो. म्हणून तर बोलले नाही. सगळं तिच्यावर आलं असतं."

रोलंड रोपांच्या फळीवर टेकला. म्हणजे चूक तिचीच होती. या वेळी तास चुकायला नको, म्हणून तिनेच घाबरून नको तिथे मिळवला असेल. घरी जावं, गुरुवारी गप्प बसावं, असं त्याला वाटलं. तरी आलोच आहोत म्हणून त्याने शेवटचं विचारलं.

"खाली काय झालं?"

टेसाने मातीने भरलेले हात एप्रनला पुसले. वर, जहाजाची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या बोयापाशी लोर्ना बराच वेळ पाण्याकडे बघत होती. तिने क्लाइव्हला काहीतरी विचारलं. इंजिनामुळे टेसाला ऐकू आलं नाही, पण क्लाइव्ह हसला, तेवढं तिने पाहिलं. मग दोघी दोर धरून उतरल्या. खाली ओढ जोरात होती. लोर्नाने तिला जहाजाच्या बॉयलरच्या आडोशाला ओढलं आणि घड्याळ दाखवलं.

"असं केलं तिने." टेसाने पाच बोटं पसरली. "मला वाटलं, पाच मिनिटं थांब. मी थांबले. ओढ वाढतच गेली. तिने पुन्हा पाच दाखवली. मग आम्ही धरलेला जहाजाचा पत्रा निसटला. मी दोराला अडकले, ती नाही."

"पाच मिनिटं कशासाठी?"

"पाणी थांबेल म्हणून असणार."

रोलंड फळीवरून उठला. हट्टाने, वेळ टळल्यावर उतरलेली बाई पाणी थांबायची वाट बघत नाही. ते थांबून गेलंय हे तिला ठाऊक असतं.

घरी आल्यावर त्याने फडताळातून भरतीच्या दोन्ही पुस्तिका काढल्या, गेल्या वर्षीची आणि या वर्षीची. मग फाइलचं पहिलं पान उघडलं आणि या खेपेला ते सावकाश वाचलं. अडतीस वर्षं तो रेल्वेत सिग्नलमन होता. आठ दहाच्या त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

सोमवारी सकाळी त्याने मिसेस पार्डींना फोन केला.

*

बुधवारी दुपारी क्लबच्या खोलीत चौघं बसले. मिसेस पार्डी वही उघडून, टेसा दाराशी, क्लाइव्ह भिंतीवरच्या नकाशाखाली.

"लोर्नाने त्या बुधवारी वेळ बरोबर काढली," रोलंड म्हणाला. "अकरा चाळीस. आराखडा तुला पाठवला. पाटीही आधी तशीच लिहिली. शुक्रवारी रात्री ती पुसून बारा चाळीस केलं, टेसालाही तसंच कळवलं. का?"

"चुकली असेल बिचारी," क्लाइव्ह म्हणाला. "तास दोनदा मिळवला असेल."

"मलाही तेच वाटलं. या दोन पुस्तिका बघा. गेल्या वर्षीची हिवाळी वेळेची. यंदा क्लबने दुसरी घेतली. हिच्यात मार्चनंतरच्या पानांवर एक तास आधीच मिळवलेला आहे. पानाच्या डोक्यावर छापलंय. लोर्नाने ते वाचलं होतं, म्हणून तिचा हिशोब बरोबर आला. ज्याने ते न वाचता फक्त आकडे पाहिले, त्याला ती पुन्हा तास विसरली असंच वाटलं असणार."

"म्हणजे मला म्हणायचंय तुला?"

"तू सांग. धक्क्यावर किती वाजता पोचलास?"

"पावणेदहा. लिहून दिलंय मी."

"आणि लोर्नाला उशीर झाला हे केव्हा कळलं?"

"दहा-सव्वादहा. ती आली नाही तेव्हा."

रोलंडने फाइलचं पहिलं पान त्याच्यापुढे सरकवलं. "तू कोस्टगार्डला घरून फोन केलास आठ दहाला. परतीची वेळ दिलीस अडीच. आराखड्यात दीड आहे. गाडीला उशीर झाल्याशिवाय उशिराची नोंद होत नाही, क्लाइव्ह. तू ती दोन तास आधी केलीस. कोणालाच उशीर झाला नव्हता. सगळे ठरल्या वेळेला आले, आणि ती वेळ तू ठरवलेली होती."

क्लाइव्ह ते पान वाचत राहिला. एका ओळीला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"मिस्टर हॅडो," मिसेस पार्डी म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही त्यांना फोन केला होता का? कंपनीकडून नोंद मागवता येते."

"साडेआठला केला," तो म्हणाला. "म्हटलं, घड्याळबाई, परत तास विसरलीस. ती म्हणाली, पुन्हा बघते. मी म्हटलं, बघायचं काय त्यात, मी सांगतोय ना."

"आणि बोटीत तिने काय विचारलं?" रोलंडने विचारलं.

क्लाइव्हने मान वर केली नाही.

"बोया उलट्या बाजूला कलतोय म्हणाली. पाणी थांबायच्या आधी तो पूर्वेला कलायला हवा. तो पश्चिमेला होता. मी हसलो. म्हटलं, एक डाव तरी माझं ऐक." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "कोस्टगार्डने अकरा चाळीस म्हटल्यावर कळलं मला. तिच्या हातचा कागद माझ्याकडे होता, तोच पोलिसांना दिला. ती तर गेलीच होती, रोलंड."

"हो. आणि तू तिच्यावरच ढकललंस."

मिसेस पार्डींनी त्याला नवीन जबाब लिहायला बसवलं. त्यातलं काय फौजदारीत जाईल ते पोलीस बघतील, असं त्या म्हणाल्या. उद्याच्या सुनावणीत उशिराचा उल्लेख राहणार नव्हता.

बाहेर वारा सुटला होता. टेसा रोलंडबरोबर त्याच्या गाडीपर्यंत आली.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "तिचं बरोबर होतं. पुस्तिका तिच्यासमोर होती, बोया समोर होता. तरी तिने त्याचं का ऐकलं?"

रोलंडने गाडीचं दार उघडलं, पण तो आत बसला नाही.

"वर्षभर सगळ्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली," तो म्हणाला. "की तिला वेळ कळत नाही. ते घड्याळबाई नाव क्लाइव्हने ठेवलेलं नाही, टेसा. क्लबच्या जेवणात, सगळ्यांसमोर, ते मी ठेवलं होतं."