शेवटचं खोकं

जोगेश्वरीला जायचं म्हणून जयवंत परबाने जेवण लवकर उरकलं, कापडी पिशवी घडी करून खिशात घातली आणि दाराला कुलूप लावलं. काम साधंच होतं. तिथली एक जुनी व्हिडिओ लायब्ररी कायमची बंद होणार होती. मालक वारला होता आणि त्याची बायको प्रेमाबाई उरलासुरला माल येईल त्याला देऊन टाकत होती. असल्या बातम्या जयवंतच्या कानावर बरोबर पडत. कुठे लायब्ररी मोडली, कुठल्या भंगारवाल्याकडे सीड्यांची पोती आली, याचा त्याला वास लागायचा म्हणा ना.

भांडुपच्या त्याच्या घरात, हॉलच्या एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत कपाट होतं आणि त्यात टीव्ही मालिकांचे संच होते. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, सगळी खोकी ओळीने. एखादं खोकं कमी असलं की त्याला जेवण गोड लागत नसे. शेजारचा नितेश हसायचा. "परबकाका, आता सगळं मोबाईलवर मिळतं." जयवंतचं उत्तर ठरलेलं होतं. "मिळतं, आणि उद्या काढून टाकतात. माझ्या कपाटातून कोण काढणार?"

पण कपाटाच्या मधल्या फळीवर, अगदी डोळ्यांसमोर, एका संचाला भगदाड होतं. 'खाडीपलीकडचं घर' ही मालिका त्याची आणि सुगंधाची सगळ्यात लाडकी. घर सोडून गेलेली थोरली सून परत उंबरा ओलांडते की नाही, यावर सबंध मालिका बेतलेली. टीव्हीवर तिचा शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी सुगंधा बाळंतपणाच्या कळा देत होती. ऋतिका जन्मली आणि शेवट बघायचा राहिला. पुढे कुणी सांगायला लागलं की सुगंधा दोन्ही कानांवर हात ठेवायची. म्हणायची, बघीन तर डोळ्यांनी बघीन. तेव्हापासून जयवंत तो संच जमवत होता. बाकीची खोकी मिळाली, शेवटचं तेवढं मिळत नव्हतं.

प्रेमाबाईने धुळीने भरलेला एक पुठ्ठ्याचा डबा पुढे सरकवला. जयवंतने हात घातला आणि तळाशी ते सापडलं. निळं खोकं, वर खाडीचं चित्र.

"हेच पाहिजे होतं काय?" प्रेमाबाईने विचारलं. "घेऊन जा. बायकोला बघायचं असेल ना?"

"हो," जयवंत म्हणाला. "वाट बघत्येय."

हे त्याच्या तोंडून सहज निघालं, आणि ते खोटंही नव्हतं. सुगंधाला जाऊन मात्र बरेच महिने झाले होते. गेल्या शिमग्यात ती वारली. छातीचा आजार होता, शेवटी शेवटी खोकून खोकून जीव नकोसा झाला होता तिचा.

तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर एक बसला होता, मान तिरकी करून बघत होता, पण खाली उतरत नव्हता. दुपार कलली. सुगंधाच्या भावाने कबूल केलं की गावच्या घरात ऋतिकाचा हिस्सा राहील. ऋतिका म्हणाली, आई, बाबांना मी एकटं टाकणार नाही. कावळा हलला नाही. भटजी चुळबुळ करायला लागले. मग जयवंत पुढे झाला, पिंडाजवळ वाकला आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं हळूच बोलला, "सुगंधा, राहिलेलं खोकं मी शोधून काढीन. आपण दोघं मिळून शेवट बघू." तो सरळ उभा राहायच्या आत कावळ्याने पिंडाला चोच लावली होती. लोकांनी हात जोडले. काय कबूल केलंस, असं कुणी विचारलं नाही, विचारायचं नसतंच.

त्यानंतर घर खायला उठलं. एका संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, जयवंतने 'खाडीपलीकडचं घर'चा पहिला भाग लावला. पूर्वी दोघं याच वेळेला बसायची. रिमोट सुगंधाच्या मांडीवर असायचा, त्याला हात लावायची जयवंतची टाप नव्हती. भाग अर्ध्यावर आला की ती पॉज करायची, चहा टाकायला आत जायची आणि जाता जाता बजावायची, "मी येईसर लावू नका हां." येईसर म्हणजे येईपर्यंत. लग्नानंतर सगळा जन्म भांडुपमध्ये गेला, तरी माहेरच्या वेंगुर्ल्याचे असे दोनचार शब्द तिने सोडले नव्हते. ऋतिकाला ते कधी जमले नाहीत, ती ऐकून हसायची.

तर त्या संध्याकाळी भाग अर्ध्यावर आला आणि पडद्यावरचं चित्र थांबलं.

सीडीला चरा गेला असेल, असं त्याला वाटलं. तो उठणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग निलगिरीच्या तेलाचा वास आला, सुगंधा छातीला लावायची तो. चहाला उकळी येऊन तो गाळून होईल एवढा वेळ गेला आणि चित्र आपोआप पुढे चालू झालं. सोफ्याची तिच्या बाजूची गादी हळूच खाली दबली.

जयवंत घाबरला का? घाबरला. पण रडलाही, आणि त्या रात्री त्याला पहिल्यांदा गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्याने पुढचा भाग लावला. रोज तेच. दुसरी कुठलीही मालिका लावली की सरळ चालायची. ही मात्र अर्ध्यावर थांबायची, आणि माणूस तेवढ्या थांबण्यावर जगायला लागला.

म्हणून जोगेश्वरीहून परतताना त्याचे पाय जड झाले होते. पिशवीत ते खोकं होतं. आयुष्यभर ज्याच्यासाठी वणवण केली ते मिळालं आणि त्याला आनंद झाला नाही. त्याला सरळ हिशेब दिसत होता. शेवट बघितला की तिचं काही राहणार नाही. काही राहिलं नाही की ती जाईल.

घरी येऊन त्याने खोकं माळ्यावरच्या बॅगेत, जुन्या स्वेटरांखाली दडवलं. संध्याकाळी हॉलमध्ये बसून तो मोठ्याने म्हणाला, "नाही गं मिळालं. प्रेमाबाईकडे पण नाही. मिळेल." आणि पुन्हा पहिला भाग लावला.

लग्न झाल्यापासून तो तिच्याशी खोटं बोलला की तिला कळायचं. आताही कळलं असावं. थांबणं लांबत गेलं. चहाचा वेळ उलटून जायचा तरी चित्र हलायचं नाही आणि आतून खोकला ऐकू यायचा. पहिल्यांदा दबका, तोंडावर पदर धरल्यासारखा, आणि मग तो शेवटच्या दिवसांतला, फुटका, थांबता न थांबणारा. जयवंत कानांवर हात ठेवून बसायचा. बाटलीतलं निलगिरीचं तेल कमी होत होतं. एकदा सकाळी प्लेअरचा कप्पा उघडा दिसला. त्याने तो बंद केला. परत आला तर पुन्हा उघडा, रिकामा, काहीतरी मागत असलेला.

तरी त्याने खोकं काढलं नाही. आपण तिला अडकवून ठेवलंय हे त्याला समजत होतं आणि तरीही त्याने काढलं नाही. एकटेपणा माणसाला असा हलकट करतो.

वर्षश्राद्धाला ऋतिका बोरिवलीहून आली, सोबत तिची मुलगी, पाच वर्षांची निधी. खिडकीच्या ग्रिलवर पान ठेवलं. कावळा आला, पानाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. ग्रिलमधून आत, टीव्हीच्या दिशेने बघत राहिला आणि उडून गेला.

"बाबा, आईचं काय राहिलंय?" ऋतिकाने विचारलं. "दहाव्याला तुम्ही काय बोललात तिला?"

"काही नाही गं. भूक नसेल त्याला."

त्याच वेळी निधी स्वयंपाकघरात खेळत होती. ती खोकली. एकदाच, पण तो खोकला लहान मुलाचा नव्हता. जयवंतच्या हातातली वाटी खाली पडली.

मग रोज ऋतिकाचे, नाहीतर जावई प्रीतमचे फोन यायला लागले. निधीचा खोकला थांबत नाही. डॉक्टर बदलला, औषधं बदलली, फोटो काढला, छाती स्वच्छ आहे म्हणतात. "बाबा, अगदी आईसारखं खोकते हो," ऋतिका रडत म्हणाली. "मला ऐकवत नाही."

जयवंत रात्रभर जागा राहिला. सकाळी त्याने स्टूल घेतलं आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.

दिवसभर त्याने घर झाडून पुसून घेतलं. सुगंधाच्या फोटोला हार घातला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, शेवटची सीडी प्लेअरमध्ये घातली आणि रिमोट सोफ्यावर तिच्या बाजूला ठेवला. "मिळालं गं," तो म्हणाला. "केव्हाच मिळालं होतं. मला माफ कर. चल, बघू."

गादी दबली. भाग सुरू झाला. अर्धा भाग सरला आणि चित्र थांबलं नाही. जयवंतला वाटलं, आज ती चहालाही उठत नाही, इतकी आतुर झालीय. थोरली सून होडीतून उतरली, चिखलातून वाट काढत घरापाशी आली. दार उघडं होतं. तिने पाऊल उचललं.

चित्र थांबलं.

आत झाकण वाजलं. निलगिरीचा वास आला. जयवंत वाट बघत राहिला. चहाचा वेळ गेला. समोर सुनेचं पाऊल उंबऱ्यावर अधांतरी होतं. बाहेर अंधारलं, खालच्या रस्त्यावरचे दिवे लागले, देवापुढचा दिवा फडफडायला लागला, तरी आतून कुणी आलं नाही. खोकल्याचा आवाज नाही, पावलं नाहीत. आणि मग जयवंतला उमगलं. तिलाही जायचं नव्हतं. शेवट समोर आल्यावर तीही आत जाऊन उभी राहिली होती.

"सुगंधा…" त्याने हळूच हाक मारली. "ये ना गं बाहेर…"

फोन वाजला. ऋतिका होती.

"बाबा, निधीला श्वास घेता येत नाहीये. प्रीतमने रिक्षा आणलीय, हॉस्पिटलला नेतोय… बाबा, तिचे ओठ निळे पडलेत…" मागून तो खोकला येत होता. फुटका. ओळखीचा.

जयवंतने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे अंधार होता, दिसत काही नव्हतं. पण तिथून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हे त्याला अंगभर जाणवत होतं. त्याने हात लांब करून रिमोट उचलला. तिने थांबवलेलं लावायला, उभ्या संसारात पहिल्यांदा.

"माझ्या नातीसाठी…" तो पुटपुटला आणि त्याने बटण दाबलं.

सुनेने उंबरा ओलांडला. मालिका संपली. नावं सरकून गेली, पडदा निळा झाला. सोफ्यावर तिच्या बाजूची गादी वर आलेली होती, सपाट, नव्यासारखी. निलगिरीचा वास कुठेच नव्हता. घर इतकं रिकामं झालं की जयवंतला स्वतःचा श्वास परका वाटायला लागला. तो तिथेच खाली बसला आणि तोंडात पंच्याचा बोळा कोंबून रडला, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

थोड्या वेळाने ऋतिकाचा पुन्हा फोन आला. रिक्षा हॉस्पिटलच्या दारात पोचायच्या आत खोकला थांबला होता. एकदम. निधी हसत होती, भूक लागली म्हणत होती. जयवंतने फोटोपुढे हात जोडले. आता त्याच्या आयुष्यात काही उरलं नव्हतं, पण पोर वाचली होती.

पुढचे दिवस त्याने कसेतरी काढले. टीव्ही लावला नाही. कपाटाला कुलूप घातलं. मधल्या फळीवर आता संच पूर्ण होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, ऋतिकाने फोन केला. निधीचं सगळं झकास आहे म्हणाली. खाते, पिते, शाळेत जाते.

"फक्त एक खूळ लागलंय बाबा तिला," ती हसत बोलत होती. "कार्टून बघता बघता मध्येच पॉज करते आणि किचनमध्ये जाऊन उभी राहते. काही करत नाही हो, नुसती ओट्यापाशी उभी. चहा होईल एवढा वेळ. मग येते आणि परत लावते. कुठे बघितलं असेल तिने?"

जयवंतने फोन कानाशी घट्ट धरला.

"थांबा, आत्ता आलीच बघा बाहेर. निधी, आजोबांशी बोलतेस?"

फोन हातातून हातात गेला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, जरा घरघरता. मग निधीच्याच कोवळ्या आवाजात, सावकाश, रुसून कुणीतरी बोललं.

"अहो… मी येईसर लावू नका म्हटलेलं ना…"