सांग-ग्यूची उडी

छतावरून माणूस पडला, तो थेट सन-ह्वाच्या पुढ्यात.

बुसानच्या मासळीबाजारात झिमझिम पाऊस लागला होता. सन-ह्वा घाऊक बाजारातून परतत होती, तोच वरची ताडपत्री टरकन फाटली आणि रक्ताने माखलेला एक तरुण धाडकन खोक्यांवर आदळला. सन-ह्वाच्या तोंडून किंकाळीच फुटली. ती धावली, गुडघे टेकून बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"अहो! ऐकताय ना? कुणीतरी या हो इकडे!"

डोळे मिटलेलेच ठेवून तो माणूस पुटपुटला, "बाई... कॅमेरा चालू आहे. मला जरा मरू द्या ना."

सन-ह्वाला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिने बाजूला पडलेली छत्री उचलली आणि त्याला चांगलं बडवून काढलं.

शूटिंग बंद पडलं, दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला आणि अख्खा बाजार हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस तिच्या आईच्या टपरीवर हजर झाला. माशाच्या गरम वड्या ओवलेली काडी उचलत म्हणाला, "काल मेलो होतो तो मीच. नाव सांग-ग्यू."

"नायक आहात होय?"

"छे! नायकाचा चेहरा दुसऱ्याचा. मारामारी, उड्या, पडणं... ते माझं. पडद्यावर माझी फक्त पाठ दिसते."

"मग पाठ करून बसा की. ओळख तरी पटेल."

तो खरंच वळून बसला. सन-ह्वाने हसू दाबलं. आईने मात्र दाबलं नाही.

ते दिवसच तसे होते. इथल्या मारधाडीच्या सिनेमांनी थिएटरं ओसंडून वाहत होती, ते विकत घ्यायला परदेशातून लोक येत होते, आणि प्रत्येक दिग्दर्शकाला आधीच्यापेक्षा उंच उडी हवी होती. सांग-ग्यू ती देत होता. रोज दुपारी तो नवं खरचटणं घेऊन हसत हसत येई, सन-ह्वा रश्श्याची वाटी पुढे करी.

"दुखत नाही?" तिने एकदा विचारलं.

"पडताना मुळीच नाही. थांबताना लागतं." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "ते अहो-जाहो सोडशील का आता?"

"सोडलं... तर?"

"तर मी रोज येईन."

"रोज तर तू येतोसच!"

'तू' तिच्या तोंडून निघून गेलं होतं. रश्श्याला उकळी फुटत राहिली. नंतर बंदरावर, धुक्यात, त्याने तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. तिनेही तो काढून घेतला नाही.

त्या सिनेमातली सगळ्यात मोठी उडी होती क्रेनवरून, चालत्या बोटीच्या डेकवर. सरावाच्या दिवशी सन-ह्वा धक्क्यावर उभी होती. कमरेला बांधलेली तार मध्येच अडकली आणि सांग-ग्यू लोखंडी खांबावर आपटला. नंतर लोकांनी त्याला खाली उतरवलं. खांदा निखळला होता, बाकी काही नाही. पण तारेला लटकलेला त्याचा निश्चल देह तिने पाहिला होता. याच धक्क्यावर लहानपणी ती आईचा हात धरून वडिलांच्या बोटीची वाट पाहत उभी राहिली होती. बोट आलीच नाही.

"सोड हे," दवाखान्यातच ती म्हणाली. "नाहीतर मला सोड."

तो छताकडे बघत होता. "बरं," म्हणाला.

इतकंच. भांडला नाही, एका शब्दाने नाही. सन-ह्वाला वाटलं, आपण जिंकलो.

उडी त्याच्या हाताखालच्या म्यॉंग-होने मारली. सांग-ग्यू सन-ह्वाच्या मामाच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. सिनेमा आला तेव्हा दोघं मिळून बघायला गेली. त्या उडीला सगळं थिएटर उभं राहिलं, शिट्ट्या, टाळ्या! सांग-ग्यूने मात्र नकळत डावा खांदा आत ओढला, श्वास रोखला, आणि पडद्यावरचे पाय डेकला लागताच हळूच सोडला. खुर्चीतल्या खुर्चीत त्याने ती पूर्ण उडी मारली होती. सन-ह्वाने पडद्याऐवजी त्यालाच पाहिलं, आणि आपण काय मागून घेतलं ते तिला कळलं.

वसंतात सोलहून फोन आला. त्याच दिग्दर्शकाचा नवा सिनेमा होता. सांग-ग्यू अदबीने 'नाही, साहेब' म्हणाला आणि फोन ठेवून बर्फाच्या लाद्या ओढायला गेला.

"मला विचारलं का नाहीस?" सन-ह्वा त्याच्या मागोमाग गेली.

"काय विचारायचं? शब्द दिलाय तुला."

"जा तू," ती म्हणाली. "मी म्हणते ना, जा."

बुसान स्टेशनवर गाडी लागलेली होती. त्याने पिशवी खाली ठेवली.

"येते म्हण, तर तुलाही घेऊन जातो. थांब म्हण, तर पिशवी उचलून घरी येतो. काहीतरी बोल, सन-ह्वा..."

तिच्या डोळ्यांपुढे ती तार हलत होती. जवळ असून त्याला पडताना बघणं तिला जमणार नव्हतं आणि पडू न देणं आता पाप वाटत होतं. ती त्याच्या कोटाचं बटण नीट करत राहिली... बोलली नाही. शिट्टी झाली. तो खिडकीशी बसला, हात हलवला. गाडी गेल्यावरही ती तशीच उभी होती. शब्द आता कुठे ओठांवर येत होते.

काही वर्षांनी म्यॉंग-हो शूटिंगच्या निमित्ताने बुसानला आला आणि टपरीवर डोकावला. आई थकली होती. वड्या आता सन-ह्वाच करत होती.

"सांग-ग्यू कसा आहे?" तिने विचारलं, भांड्याकडे बघत.

"मजेत! उड्या तर त्याने केव्हाच सोडल्या. इथून गेला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात. आता खाली उभा राहून आम्हाला शिकवतो. तार स्वतः तपासल्याशिवाय कुणाला वर चढू देत नाही."

सन-ह्वाचा हात थांबला. फक्त पुढच्या हिवाळ्यापर्यंत... एवढंच थांबायचं होतं.

"लग्न?"

"गेल्या वर्षी झालं." म्यॉंग-हो जरा घुटमळला. "काही निरोप सांगू का, ताई?"

तिने वाटीत रस्सा ओतला, वर कांद्याची पात घातली.

"त्याला काही नको. त्याच्या बायकोला सांग... लागलं की तो हसतो. जास्त हसला, तर समजायचं जास्त लागलंय. स्वतःहून सांगणार नाही तो. विचारावं लागतं."

आणि तिने वाटी म्यॉंग-होपुढे सरकवली.