शेवटचा फॉर्मा

पुस्तकाच्या समासात कसरीनं पाडलेलं एक भोक होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. पहिल्या पानापासून ते आरपार गेलं होतं आणि शेवटच्या फॉर्म्यापाशी, एकत्र शिवलेल्या शेवटच्या सोळा पानांपाशी, थांबलं होतं. ती पानं अखंड होती. जेबानं पुस्तक उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. कसर अशी शिलाईच्या रेषेवर थांबत नाही.

म्हणजे ही पानं दुसऱ्याच प्रतीची. कुणाच्या?

"शिलाई जमली ना, मॅडम?" खळीचे हात पुसत सादनं विचारलं. यवतमाळच्या बोळातलं हे बाइंडिंगचं दुकान आता तोच चालवायचा.

तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. अब्बा. वणीच्या स्थळाकडचे पाहुणे घरी येऊन बसले होते. आज त्यांना होकार की नकार, ते सांगायचं होतं. महिनाभर ती नुसती "विचार करते" म्हणत आली होती. तिनं फोन उचलला नाही.

गेल्या हिवाळ्यात ती कॉलेजच्या प्रयोगवह्या बांधायला घेऊन आली, तेव्हा त्याच्या फळीवर ती विज्ञान कादंबरी दिसली होती. शाळेपासून ती या लेखकाची पुस्तकं शोधत होती, आणि ही तर आता कुठंच मिळत नव्हती.

"वाचायला द्याल?"

"दुकान मागा, देतो. हे पुस्तक नाही."

मग रद्दीत तिला स्वतःची प्रत सापडली... शेवटचा फॉर्माच गळालेली. "पाह्यतो, भेटते का कुठं," साद म्हणाला होता. तेव्हापासून येणं-जाणं, आणि भांडणं.

"तुमचा लेखक चंद्रावर पाणी काढते," तो चिडवायचा, "आन् आमच्या मोहल्ल्यात टँकरची वाट."

"चंद्रावर तुमच्यासारखे चार-चार ड्रम भरून ठेवणारे नाहीत."

आत्ता त्या अखंड पानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. एखादी गोष्ट पटली नाही की साद अशीच खूण करायचा — तिच्याशी भांडायला. तिनं फळीकडे पाहिलं. त्याच्या प्रतीची पाठ उसवलेली होती. दोरा बाहेर लोंबत होता.

"साद... तुम्ही तुमचं पुस्तक उसवलं?"

"रद्दीत भेटली पानं—"

"खोटं बोलू नका. तुमच्या पेन्सिलीनं सांगितलं मला."

तो दाभणाशी चाळा करत राहिला. "माह्यं वाचून झालं आहे. तुमचंच राह्यलं होतं. म्हटलं, वणीले जाताना अर्धं पुस्तक कायले न्यावं..."

"वणीचं कोण म्हणालं तुम्हाला?"

"मोहल्ल्यात सांगाव लागते का, मॅडम?"

फोन पुन्हा थरथरला. दोघांनीही पर्सकडे पाहिलं.

"आता तुमच्या पुस्तकाला शेवट नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि वाचावासा वाटला तर?"

"तर... तुमच्या घरी याव लागीन." त्यानं पहिल्यांदाच नजर वर केली आणि तशीच ठेवली. "ते घर कोणतं, ते तुम्ही ठरवा, जेबा."

मॅडम नाही. जेबा.

तिनं फोन कानाला लावला. पलीकडे कपबशांचा आवाज होता. "काहून उचलून नाही राह्यली, बेटा? लोक खोळंबले ना इथं."

"अब्बा, वणीवाल्यायले नाही म्हणा." तिनं पुस्तक मिटलं. "मले निकाह करायचा आहे — बाइंडिंगवाल्या सादशी."