ओठांना टोचणारं पान

"पुन्हा वाजव! या वेळी जरा सुरात!" टिंगीनं फर्मावलं.

भोंग्यानं नवं पान ओठांत धरलं, गाल फुगवले आणि लगेच थूथू करायला लागला. "आई गं! टोचलं!"

टिंगी, तिचा चुलतभाऊ भोंगा आणि तिचा धाकटा भाऊ शेपूट सकाळपासून नासपतीच्या बागेत पानांच्या पिपाण्या वाजवत होते. घरातल्यांनी दारं लावून घेतली होती.

"कुठलं पान घेतलंस?"

"छोट्या झाडाचं. म्हाताऱ्या झाडाची पानं कशी मऊ लागतात!"

टिंगीनं दोन्ही पानं तळहातावर ठेवली. म्हाताऱ्याचं पान लहान, गोलसर, कडेचे दाते अगदी बोथट. छोट्या झाडाचं मोठं, लांब टोकाचं. त्याच्या कडेला करवतीसारखे दाते, आणि प्रत्येक दात्याच्या टोकाला केसाएवढा काटा!

म्हातारं झाड आजोबांच्या आईनं लावलेलं. त्याच्यासारखी गोड नासपती दुसरीकडे कुठेच नव्हती. आणि काकांच्या, म्हणजे भोंग्याच्या बाबांच्या, नव्या शेडसाठी ते आजच तोडायचं होतं! काकांनी त्याच्या फांद्यांची कलमं जंगली नासपतीच्या रोपांवर बांधून छोटी झाडं तयार केली होती. "जात जिवंत राहिली की झालं," असं ते म्हणाले, तेव्हा आजोबांनी नुसती मान हलवली होती. त्यानंतर ते फारसे बोललेच नव्हते.

टिंगी एका छोट्या झाडापाशी गुडघ्यांवर बसली. बुंध्यावर कलमाचा सांधा होता. सांध्याच्या वर छाटलेलं, वाळलेलं थोटूक. जोमदार फांदी फुटली होती ती सांध्याच्या खालून! दुसऱ्या झाडाचं तेच. तिसऱ्याचंही तेच.

"भोंग्या, तुझ्या बाबांनी मरतुकडी म्हणून कलमाची फांदी छाटली आणि जंगली वाढवली!"

"बाबांनी? ते तर बागायतीवर भाषणं देतात!"

"म्हणूनच खाली वाकून बघायला वेळ मिळाला नसेल."

तेवढ्यात करवतवाले दोघे आलेच. शेपूट सरळ म्हाताऱ्या झाडावर चढला आणि फांदीला मिठी मारून बसला.

"काका, थांबा! छोट्यांची पानं वेगळी आहेत!"

काकांच्या हातून चुका होत नसत, त्या नेहमी इतरांच्या हातून होत. ते हसले. "बाळा, कोवळ्या झाडाची पानं वेगळीच दिसतात. वयाचा फरक आहे तो."

टिंगीनं क्षणभर विचार केला. मग अगदी भाबडा चेहरा करून ती म्हणाली, "तुम्ही डोळे मिटूनसुद्धा ओळखाल ना, काका?"

समोर प्रेक्षक असले की काका माघार घेत नसत. आजोबा ओट्यावरून उठून आले. भोंग्यानं बापाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि टिंगीनं एकेक पान त्यांच्या हातात दिलं.

"हं, काटे लागतायत. छोटं झाड! हे बोथट, म्हातारं. हे... म्हातारं. हे छोटं. आहे काय त्यात!"

"शाब्बास, बाबा!" भोंगा ओरडला.

"तिसरं पान," टिंगी म्हणाली, "म्हाताऱ्या झाडाला यंदाच फुटलेल्या कोवळ्या फांदीचं होतं. तरी तुम्ही म्हातारं म्हणालात. म्हणजे फरक वयाचा नाही!"

काकांचा हात रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"आणि शेवटचं छोट्या झाडाचं नव्हतंच. ते कुंपणावरच्या जंगली नासपतीचं!"

त्या जंगली नासपतीची फळं बकऱ्याही थुंकून टाकत. काकांनी रुमाल काढला, वाकून छोट्या झाडाचा सांधा पाहिला आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"करवत उचला," आजोबा करवतवाल्यांना म्हणाले. त्यांची मान ताठ होती. "झाड राहणार!"

शेपटाला खाली उतरवायला मात्र दोघांची मदत लागली.

"काय नजर आहे पोरीची!" आजोबांनी टिंगीच्या पाठीवर थाप मारली, ती अंमळ जोरातच बसली. "नवी कलमं बांधू. पहिली फांदी हीच कापेल."

काकांचा कलमाचा चाकू आजवर दुसऱ्या कुणी हातात घेतला नव्हता. त्यांनी तो मुठीकडून पुढे केला. "जपून. धार आहे."

"माहीत आहे, काका. सांध्याच्या वर कापायचं की खाली?"

सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसले. मग ते फांदी धरायला टिंगीच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "तूच सांग."