टीपकागदावरची ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरीही हे घडलंय. माझ्याच टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत.

मागच्या वर्षी, सप्टेंबरचा दुसरा मंगळवार. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

मी सरकारी दप्तरखान्यात जुने कागद दुरुस्त करते. त्या दिवशी गोऱ्या साहेबाच्या अमदानीतला एक गठ्ठा आला होता. एका शिंप्याची अकरा पत्रं. मागणी एकच, गावात मुलींची शाळा काढा. मुलीही शिकू शकतात याचा पुरावा म्हणून प्रत्येक पत्राला त्यानं लेकीच्या हातची एक ओळ जोडलेली. पत्रागणिक तिचं अक्षर सुधारत गेलं होतं.

आणि प्रत्येक पत्रावर साहेबाचा शेरा, 'उत्तराची गरज नाही.'

अकराव्या पत्राला मात्र ओळ जोडलेली नव्हती...

'लेक तापानं गेली. शाळेचं काय झालं म्हणून शेवटपर्यंत विचारत होती. उत्तर वाटेवर आहे, असं मी सांगत राहिलो. आता तरी पाठवा. मला खोटं पाडू नका.'

मला रडू आवरेना.

दुरुस्तीत ओलसर झालेली पत्रं आम्ही टीपकागदांत घालून प्रेसखाली दाबतो. टीपकागद तासाभरानं बदलायचे. अकराव्या पत्राचा टीपकागद मी काढला...

त्यावर उलटी अक्षरं उमटली होती.

आरसा धरला. 'उत्तर आलं का?'

अक्षर लेकीचं होतं.

"आधीच्या पत्राची शाई उतरली असेल," शेजारचे बाइंडरकाका हसले. "उगाच राईचा पर्वत करू नकोस."

मी कोरा टीपकागद घातला. तासाभरानं पुन्हा तीच ओळ.

आणि खोलीत आवाज... पाटीवर पेन्सिल घासल्याचा.

काकांचं हसू मावळलं.

"काका, ती अजून वाट बघतेय हो."

"मग लिही ना बाई," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणी लिहिलंच नाही."

नियम धाब्यावर बसवून मी चिठ्ठी लिहिली. 'शाळा मंजूर. मुलीनं यावं.' पत्रासोबत प्रेसखाली ठेवली.

पेन्सिल थांबली.

तासाभरानं प्रेस उघडली. माझी चिठ्ठी कोरी झाली होती. टीपकागदावर नवी ओळ...

'निघाले. शाळा कुठे आहे?'

मी अख्खं दप्तर पालथं घातलं. त्या गावात मुलींची शाळा कधी झालीच नव्हती. बापानं मारलेली थाप मीही मारली होती.

काका आता निवृत्त झालेत. दुपारी साडेतीनला मी खोलीत एकटीच असते.

बाहेरच्या व्हरांड्यात पावलं वाजतात. लहान, घाईची. प्रत्येक दारापाशी थांबतात... पुढे जातात... परत येतात.

बापाच्या खोट्यावर ती निदान घरात बसून वाट बघत होती. मी तिला घराबाहेर काढलं.

माझ्या दारापाशी पावलं थांबली की मी मान खाली घालून काम करत राहते. तिला काय सांगू?