एकविसावी रांग

जिपारनं आपल्या बापाला एकविसाव्या रांगेतून हाताला धरून बाहेर काढलं, तेही भर प्रयोगात, चारशे प्रेक्षकांच्या देखत. आधीच सांगून टाकलं, म्हणजे उगीच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. आता ते विसरून जा. असं काही घडलेलं नाही. नाट्यगृहात वीस रांगा आहेत, विसावीच्या मागं भिंत आहे आणि भिंतीतून कुणाचाही बाप काढता येत नाही, असं प्रशासक राकिया जुमाबायेव्हना यांनी शिक्क्यानिशी लिहून दिलेलं आहे. शिक्क्यापुढे आपण कोण? तेव्हा पहिल्यापासून सुरू करू.

बिश्केकमध्ये शनिवारी दुपारी एकच्या प्रयोगाला जिपार साडेअकरालाच पायऱ्यांशी हजर असायची. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला सामशांची, म्हणजे खिमा भरलेल्या समोशांची, भट्टी होती. तिथं तासभर उभं राहिलं तरी पोलिसाला संशय येत नाही, फक्त भूक लागलीय असं वाटतं. जिपारचं वय सव्वीस, चेहरा पत्ता विचारायला आलेल्या मुलीसारखा. तिकीट हवंय का, असं ती कधी विचारत नसे. ती विचारायची, "एकटेच आलात?" ज्याला तिकीट हवं असेल तो थांबायचा. ज्याला नको असेल तोही थांबायचा, पण त्याच्यासाठी भट्टीवाल्याकडं लांब लोखंडी आकडा होता.

'सात सासवा' हे नाटक तिसरं वर्ष हाउसफुल्ल चाललं होतं. एका नवरदेवाला सात सासवा, एवढंच कथानक. पण शहरातल्या प्रत्येक पुरुषाला ते आपल्यावर बेतलेलं वाटायचं आणि प्रत्येक बाईला आपल्या नणंदेवर. खिडकीवरची तिकिटं मंगळवारी सकाळीच संपत. संपत म्हणजे जिपारच्या पर्समध्ये येत. पर्समधलीही संपली, की मग एकविसावी रांग.

ही रांग म्हणजे धंद्यातली खूण होती. नाट्यगृहात संगणक 'लवकरच' येणार होता, गेली सहा वर्षं. तोवर तिकिटावर रांग आणि आसन पेनानं लिहीत. जिपारकडं जुनी कोरी तिकीटबुकं होती. त्यातल्या तिकिटावर ती 'रांग २१' लिहायची. ते पाहिलं की डोअरकीपर सालिमा-एजे (एजे म्हणजे तिकडची ताई) समजायची, हे गिऱ्हाईक पोरीचं, आणि विसाव्या रांगेमागं भिंतीला टेकवून एक स्टूल मांडायची. दोन तासांत पाठ धरायची, पण तक्रार कुणी करत नसे. स्टूल मिळालं हेच नशीब.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सालिमा-एजेची दाढ ठणकली. तिच्या जागी हिशेबखात्यातल्या कारकुनाला उभं केलं. त्याला खूण ठाऊक नव्हती. त्यानं चौघांची तिकिटं फाडली, रांग वाचली, आणि विसानंतर एकवीस येतात एवढ्या ज्ञानावर सांगितलं की सरळ मागे जा.

चौघं सरळ मागे गेले.

जिपारला हे कळलं तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. आता चौघं बोंबलत बाहेर येणार म्हणून तिनं तीन सबबी तयार केल्या, त्यातली एक रडून सांगायची होती. कुणी आलं नाही. प्रयोग सुटल्यावर चौघं गालांवर लाली घेऊन पायऱ्या उतरले. त्यातला एक कुबात नावाचा दातांचा डॉक्टर होता. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, अशी जागा जन्मात मिळाली नव्हती, सातव्या सासूच्या मोज्याला रफू केलंय तेसुद्धा दिसलं. खुर्चीही मऊ होती. निळ्या मखमलीची.

हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या लाल होत्या. जिपारनं मनाशी नोंद केली की दातांचे डॉक्टर रंगांधळे असतात.

पुढच्या शनिवारी ते चौघं नातेवाईक घेऊन आले. पाचव्या रांगेतली दोन तिकिटं जिपारकडं शिल्लक होती, तर त्यांनी नाक मुरडलं. त्यांना एकविसावीच हवी होती. जिपारनं भाव चढवला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. सालिमा-एजे सुजल्या गालानं कामावर परतली होती, पण तिला स्टुलं मांडावीच लागली नाहीत. लोक तिच्यासमोरून मागं जातात, ती सांगायची, पावलं वाजतात, मग वाजायची थांबतात. ती वळून बघत नसे. तिचं काम दाराकडं बघायचं होतं आणि पगार तेवढाच होता.

एकविसावीतले लोक दर आठवड्याला थोडे उशिरा बाहेर येऊ लागले. आधी सगळ्यांबरोबर यायचे. मग झाडलोट झाल्यावर. मग नेपथ्य उतरवून झाल्यावर. एका शनिवारी डॉक्टर कुबात आलाच नाही, पण तोवर जिपार घरी गेलेली होती. त्याचा कोट सामान ठेवायच्या खोलीत खुंटीला राहिला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मार्च लागला होता. मार्चमध्ये लोक कोट विसरतातच.

तुर्दाकुन, जिपारचा बाप, याच नाट्यगृहात चौतीस वर्षं नेपथ्याचा सुतार होता. एवढ्या वर्षांत त्यानं एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. विंगेतून त्याला नटांच्या पाठी दिसत, आणि पाठीवरून तो सांगायचा, कोण रडतंय आणि कोण रडण्याचा पगार घेतंय. नोकरी सुटली ती राकिया जुमाबायेव्हनांमुळं. त्यांनी बाहेरगावच्या पाहुण्यांपुढं राजवाड्याच्या देखाव्याचं कौतुक केलं, तेव्हा हा म्हणाला की राजवाडा तीन बोटं कललाय आणि मंजुरीची सही बाईंची आहे. तेव्हापासून मागच्या दारानं त्याला बंदी होती, आणि पुढच्या दारानं जायची सवय नव्हती.

घरात दोघंच. एका सकाळी चहात नानचा तुकडा बुडवत तो म्हणाला, "मला सासवांची तोंडं बघायचीत."

"बघू."

"अख्ख्या शहराला बसवतेस. बापालाच तेवढं 'बघू'."

जिपारनं पर्स उघडली. चांगली तिकिटं सगळी गेली होती, नुसती कोरी उरली होती. बाजारात एकविसावीचं नाव त्याच्याही कानावर आलं होतं. म्हणाला, लिही एकवीस. त्या हॉलमधल्या वीस रांगांचे स्क्रू मी आवळलेत, ही एकविसावी कुठल्या गाढवानं बसवली ते बघून येतो.

तिचा हात अडखळला. का, ते तिला सांगता आलं नसतं. आणि जे सांगता येत नाही त्यासाठी ती गिऱ्हाईक सोडत नसे. तिनं लिहिलं, रांग २१, आसन ६.

तो इस्त्रीचा सूट घालून गेला. कोट खुंटीला लावला. पांढरा नमद्याचा कल्पाक, म्हणजे लोकरीचा उंच टोप, मात्र मांडीवर ठेवायला बरोबर नेला. कल्पाक कुणाच्या हाती द्यायचा नसतो, जमिनीवर तर मुळीच ठेवायचा नसतो.

प्रयोग सुटला. झाडलोट झाली. नेपथ्य उतरलं. तो आला नाही.

जिपार रिकाम्या हॉलमध्ये शिरली. अठरावी, एकोणिसावी, विसावी. मग भिंत, हिरव्या ऑइलपेंटची, त्यावर आग विझवायची बादली. तिनं भिंत ठोकून पाहिली. भिंतीसारखाच आवाज आला. पोलिसचौकीत शिपायानं सगळं लिहून घेतलं आणि 'शेवटचे कोठे दिसले' या रकान्यात 'विनोदी नाटकात' असं भरलं.

राकिया जुमाबायेव्हना तीन वर्षं जिपारला पकडायच्या मागं होत्या. सोमवारी ती आपल्या पायांनी त्यांच्या खोलीत गेली.

"मी तिकिटं ब्लॅकनं विकते," ती म्हणाली. "लिहून घ्या."

त्यांनी खुशीत पेनाचं टोपण काढलं. "कुठली?"

"रांग एकवीस."

टोपण परत बसलं. "अशी रांग नाही."

"विकली तर मी. बारा जण आत आहेत. त्यात माझा बाप आहे."

"नसलेल्या रांगेची तिकिटं विकणं हा गुन्हा होत नाही, मुली. फार तर ती कल्पनाशक्ती होते."

"मग कल्पनाशक्तीचा दंड करा. पावतीवर फक्त रांगेचा नंबर टाका."

बाई मूर्ख नव्हत्या. एकवीस हा आकडा एकदा शिक्क्याखाली आला, की आतल्या बारा जणांना शोधायची जबाबदारी आपल्यावर येते, हे त्यांना कळत होतं. त्यांनी दंड केला नाही. वीस रांगांचं आणि भिंतीचं ते पत्र मात्र लगेच टाइप करून दिलं.

जिपारनं ते वाचलं, घडी केली. "बरं. तुमचं नाट्यगृह वीस रांगांचं. एकविसावी माझी. माझ्या रांगेत जायला मला तुमची परवानगी लागत नाही."

शनिवारी तिनं स्वतःसाठी तिकीट लिहिलं: रांग २१, आसन ७. सालिमा-एजेनं ते हातात घेतलं, फाडलं नाही, तसंच परत दिलं.

"फाडलं नाही म्हणजे तू आत गेलीच नाहीस," एजे म्हणाली. "न गेलेल्या माणसाला कोण अडवणार? आणि पोरी, हसू नकोस."

"विनोदी नाटक आहे, एजे."

"म्हणूनच सांगतेय."

तिसरी घंटा झाली. दिवे उतरले. जिपार मधल्या वाटेनं मागं चालत गेली, खुर्च्यांच्या कडांना हात लावून मोजत. अठरा. एकोणीस. वीस. मग भिंतीसाठी हात पुढं केला.

हाताला ऊब लागली.

ताज्या भुशाचा वास आला, आणि सरसाचा. बोटांखाली मखमल. ती बसली. रांग डावीकडं हॉलच्या रुंदीपेक्षा पुढं गेली होती, आणि तिथंही माणसं बसलेली दिसत होती, हात गुडघ्यांवर ठेवून. डॉक्टर कुबात होता. बारापेक्षा पुष्कळ जास्त होते.

सगळे एकदम हसले. त्यानंतर रंगमंचावर विनोद झाला.

शेजारी सहावर बाप होता, मांडीवर कल्पाक. त्याच्या पलीकडं पाचवर कुणीतरी बसलं होतं, मान त्याच्याकडं वळवून.

"बाबा, चला."

"संपू दे."

"आठवडा झाला. कधीच संपलं."

"तिकडून संपलं असेल." त्याची नजर हलली नाही. "तोंडं बघ त्यांची."

जिपारनं चुकून वर पाहिलं. रंगमंच हाताच्या अंतरावर होता. सासवांच्या गालांवरच्या पावडरीला गेलेले तडे दिसत होते. सातही जणी बोलत नवरदेवाशी होत्या आणि बघत एकविसाव्या रांगेकडं होत्या.

रांग पुन्हा हसली. तिचंही तोंड उघडू लागलं. तिनं ओठ चावला, रक्ताची चव येईपर्यंत.

मग ती उभी राहिली आणि पायऱ्यांवरच्या आवाजात बोलली.

"ऐका. ही जागा मी विकलीय. माझं गिऱ्हाईक मी परत नेतेय. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं बाहेर पायऱ्यांशी यावं. शनिवारी, साडेअकरानंतर."

हसू मध्येच थांबलं.

रंगमंचावरचे दिवे गेले.

तिनं अंधारात चाचपडून हात धरला. ओढला. तो उठला. फारच हलका.

तिची खुर्ची धाडकन मिटली.

त्याची मिटली नाही.

बिजागरी अडकली असेल, ती मनात म्हणाली, आणि वळली नाही.

पायांखाली गालिचा आला. लाल खुर्च्या आल्या. चारशे डोकी वळली. दारात सालिमा-एजे आयुष्यात पहिल्यांदा हॉलकडं तोंड करून उभी होती.

कल्पाक आत राहिला, हे बसमध्ये जिपारच्या लक्षात आलं. बाप म्हणाला, राहू दे. तिनं नवा आणला. त्यानं तो बुटांशेजारी जमिनीवर ठेवला. तिनं उचलून खिळ्याला अडकवला.

बाकी तब्येत ठणठणीत. जेवतो, झोपतो. घरातलं टेबल डुगडुगतं, त्याकडं तो बघत नाही. एकविसावी कुणी बसवली, ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दर शनिवारी एक ते तीन तो खुर्ची भिंतीकडं वळवून बसतो आणि हसतो. ज्या शनिवारी प्रयोग नसतो, त्या दिवशी जिपार घरी असते. नाटक तिला तोंडपाठ आहे. तो प्रत्येक विनोदाच्या थोडं आधी हसतो. शेजारणीनं विचारलं, तर जिपार म्हणाली, "बाप माझा आहे, हसेल नाहीतर काय करेल. तुमचा रडतो का?"

कोरी तिकीटबुकं तिनं सामशांच्या भट्टीत घातली. पहिली ते विसावी रांग ती अजून विकते. राकिया जुमाबायेव्हना पायऱ्या चढताना दिसल्या की मान लववते, त्याही लववतात. लढाई कोण जिंकलं, याबद्दल जिपारच्या मनात शंका नाही.

एप्रिलच्या शेवटी तक्रारपेटीत एक अर्ज निघाला. सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं लिहिलेला, मागच्या बाजूला सरसाचा डाग. बाईंनी तो दोनदा वाचला. त्यावर लिहिलं, 'सदर रांग अस्तित्वात नसल्याने कार्यवाही शक्य नाही,' शिक्का मारला, आणि फाइल कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. अर्ज असा:

"प्रति, प्रशासक. विषय: मुलीस निरोप देणेबाबत. महोदया, मी खाली सही करणार तुर्दाकुन, निवृत्त सुतार, सध्या मुक्काम रांग २१, आसन ६. आपलं माझं भांडण बाजूला ठेवून अर्ज करतो की, माझी मुलगी जिपार हिने गडबडीत आसन ५ चा हात धरला. तो कोण, मला ठाऊक नाही. तो नाटक बघत नसे, माझं तोंड बघत असे. आता त्याला ते येतं. मुलगी आपल्या पायऱ्यांशी दर शनिवारी उभी असते. तरी तिला ही गोष्ट लवकरात लवकर, आणि शक्यतो ती घरी जाण्यापूर्वी, कळवण्यात यावी, ही नम्र विनंती."