तिला न विचारता

"आजी, आजोबा इंजेक्शनला का आले नाहीत? दुसऱ्यांदा चुकलं." दवाखान्यातली नर्स फोनवर विचारत होती, आणि ती हातातल्या अर्धवट काजाकडे बघत राहिली... गेल्याच आठवड्यात हा माणूस कंबर चोळत घरी आला होता! "टोचलं गं जोरात," असंही म्हणाला होता!

समोर तो, तिचा शिंपी नवरा, कोटाचं कापड खडूने आखत होता.

"कुठे गेला होतात?"

खडू थांबला. "बागेत बसलो."

"मुलाला माहीत होतं?"

तो पुन्हा कापड आखू लागला. म्हणजे माहीत होतं!

मग एकेक निघालं. प्रोस्टेटच्या कॅन्सरला पोसणारं पुरुषी हार्मोन त्या इंजेक्शनने दाबलं जातं, म्हणून आजार आटोक्यात राहतो. पण पहिल्याच इंजेक्शननंतर अंगातून वाफा निघाल्या, छाती हुळहुळली, आणि...

"आणि काय?"

"नवरा म्हणून काय उपयोगाचा उरलो मी?" त्याने खडू खाली ठेवला. "तुझ्यासाठीच सोडलं गं."

(इथे कुणी म्हणेल, केवढा हा त्याग! म्हणू दे.)

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिच्या सुखासाठी हा मरणार, बापलेकांनी परस्पर ठरवलेलं, आणि तिला पत्ताच नाही!

"गिऱ्हाइकाला दोनदा विचारल्याशिवाय बाहीला कात्री लावत नाही तुम्ही! आणि माझ्या उरल्या आयुष्याला... सरळ? मी मागितलं होतं? कधी? मला भांडायला माणूस हवाय, भिंतीवर फोटो नको!"

"अगं, पण लोक..."

"लोक काय पलंगाखाली बसतात?"

तो हसला. हसता हसता हुंदका फुटला. ती रडली नाही. मुलाला फोनवर "तुझं नंतर बघते" एवढंच म्हणाली आणि चपला घालून दारात उभी राहिली.

इंजेक्शन झालं.

पुढच्या महिन्यात, भर जेवणात, तो लालबुंद झाला, घामाने निथळला, कॉलर ओढत उठून पंख्याखाली उभा राहिला. मग हळूच म्हणाला,

"तुला पन्नाशीत, पाळी जाताना व्हायचं... ते हेच?"

"हेच."

"आणि मी पंखा बंद करायचो."

"थंडी वाजते म्हणून! वर चादर ओढून!"

"बोलली का नाहीस गं?"

"विचारलंत कधी?"

तेव्हा त्याने विचारलं. झोप लागायची का, घाबरायची का, किती वर्षं एकटीने सोसलंस... ती सांगत गेली, रागारागाने, एकही गोष्ट न सोडता. आणि दोघांची ताटं निवत गेली.